जोर-बैठका त्या स्नायूपर्यंत पोचत नाहीत

वाचकाचं पत्र, थोडक्यात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

रावेर तालुक्यातले हे वाचक २९ वर्षांचे. घरची केळी, सकाळ-संध्याकाळ तालीम, लग्नाला दोन वर्षं. पंधरा दिवसांपूर्वी पहाटे डाव्या कुशीत कळ उठली. जळगावला पोचेपर्यंत गाडीत धड बसवेना, धड आडवं होववेना. “माय वं, माय वं करत बाईसारखा ओरडलो, तेही दोन भाऊबंदांसमोर,” असं ते लिहितात. तपासणीत मूत्रनलिकेच्या, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीच्या, खालच्या टोकाशी ६ मिलिमीटरचा खडा दिसला. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी आणि खड्याची वाट सैल करायला टॅमसुलोसिन नावाची गोळी दिली, चार आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. दुसरं पाकीट घ्यायला गावातल्या मेडिकलवर गेले तर दुकानदार चारचौघांत म्हणाला, “काय भो, आत्तापासून प्रोस्टेटची गोळी?” जिममधला मित्र म्हणतो, गोळी सोड, बिअर पी आणि दोरीच्या उड्या मार. आजी कुळथाचा काढा देते आहे. वस्तादांना त्यांनी ‘कंबर लचकली’ असं सांगून ठेवलंय, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, कुस्त्यांच्या दंगलीत त्यांची जोड ठरलेली आहे. त्यांना विचारायचंय ते असं: एवढं कमावलेलं शरीर तुरीच्या दाण्याएवढ्या खड्यानं पाडलं, म्हणजे मी आतून कच्चा आहे का? आतले स्नायू बळकट करायला कोणता व्यायाम करू? गोळी चालू ठेवू का? शेवटचं विचारायचं कारण पत्राच्या अगदी तळाशी दोन ओळींत आहे. गोळी सुरू केल्यापासून पत्नीजवळ असताना वीर्य जवळजवळ येतच नाही.

उत्तर:

तळाच्या त्या दोन ओळींपासूनच सुरुवात करतो. तुम्ही त्या सगळ्यात शेवटी लिहिल्या, पण झोप त्यांनीच उडवली असणार. टॅमसुलोसिनचा हा चांगला माहीत असलेला परिणाम आहे. वीर्य पुढे ढकलणाऱ्या नळ्यांच्या भिंतीत आणि मूत्राशयाच्या तोंडाशी जे स्नायू असतात, तेही ही गोळी सैल करते. त्यामुळे वीर्य कमी येतं, काहींना येतच नाही. त्याचा अर्थ तुमच्यात काही बिघडलं असा होत नाही, आणि गोळी थांबली की ते पूर्ववत होतं. मूल हवं असेल तर हा महिना हिशेबात धरू नका, एवढंच. आणि पत्नीला हे सांगा. तुम्ही गप्प राहिलात तर ती स्वतःच्या मनानं काहीतरी कारण शोधून बसेल.

विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. ताठरता कशी येते? बहुतेक पुरुषांना वाटतं, काहीतरी आवळून, जोर लावून. प्रत्यक्षात लिंगातल्या रक्ताच्या पोकळ्यांभोवतीचे स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं, तेव्हा ती येते. भीतीनं, काळजीनं तेच स्नायू आवळले जातात आणि मग काही जमत नाही. म्हणजे गावात ज्याला मर्दाचं बळ म्हणतात, तेसुद्धा वेळेवर सैल पडण्यावर अवलंबून आहे. हे स्नायू आणि तुमच्या मूत्रनलिकेतले स्नायू एकाच जातीचे. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं याच जातीच्या स्वभावात आहेत, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. आयुष्यभर मी हेच शिकवलं, तेव्हा थोडं लांबेल.

दंड, मांडी, छाती, पाठ, जे काही तुम्ही आखाड्यात कमावलंत ते सगळे पट्टकी स्नायू. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात, कारण आतले ऍक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकसारख्या रांगांत लावलेले असतात. ते हाडांना जोडलेले असतात, मेंदूचा हुकूम आला की क्षणात आवळतात, आणि दमतातही लवकर. हृदयाचा स्नायू वेगळा. त्यालाही पट्टे असतात, पण तो तुमचं ऐकत नाही. त्याच्याबद्दल आज एवढं पुरे. तिसरी जात अपट्टकी स्नायूंची. जठर, आतडी, मूत्रनलिका, मूत्राशय, गर्भाशय, श्वासनलिका, रक्तवाहिन्या, म्हणजे शरीरात जिथे जिथे पोकळ नळी किंवा पिशवी आहे, तिथे भिंतीत बहुतेक हेच असतात. डोळ्याची बाहुली लहानमोठी करणारे आणि अंगावर काटा आणणारे स्नायूसुद्धा याच जातीचे.

यांच्या पेशी अगदी बारीक, दोन्ही टोकांना निमुळत्या, मधोमध एकच केंद्रक. लांबी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. तुमच्या मांडीतला एक तंतू कित्येक सेंटिमीटर लांब असतो आणि त्यात शेकडो केंद्रकं असतात. अपट्टकी पेशीतही ऍक्टिन-मायोसिन आहेतच, पण रांगा नाहीत. धागे तिरकस जाळ्यासारखे पसरून पेशीच्या भिंतीवरच्या आणि आतल्या गाठींना बांधलेले असतात. त्यामुळे ही पेशी फार आखडू शकते आणि फार ताणलीही जाऊ शकते. रात्रभर मूत्राशय भरत जातं आणि तरी भिंत फुटायला येत नाही, ती याच गुणामुळे.

हुकूम पोचायची पद्धतही निराळी. पट्टकी स्नायूत कॅल्शियम सुटलं की ते ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि लगेच ओढ सुरू होते. अपट्टकी स्नायूत ट्रोपोनिनच नाही. तिथे कॅल्शियम आधी कॅल्मोड्युलिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरतं, त्यातून एक विकर जागं होतं, ते मायोसिनला फॉस्फेट जोडतं, आणि मग कुठे ओढ लागते. रस्ता लांबचा, म्हणून काम संथ. एका आकुंचनाला एक ते तीन सेकंद सहज लागतात. पण एकदा पकड बसली की ती जवळपास फुकटात टिकते. तेवढाच ताण धरून ठेवायला हा स्नायू पट्टकी स्नायूच्या दहाव्या हिश्शापासून तीनशेव्या हिश्शापर्यंत इतकी कमी ऊर्जा घेतो. वस्ताद बैठकीत अर्ध्यावर थांबवतात तेव्हा दोन मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात ना? तुमच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जन्मापासून तसा ताण धरून आहेत, एक दिवस सुट्टी न घेता.

आणि जोर? शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात आकडे दिलेले असतात. स्नायूच्या दर चौरस सेंटिमीटर छेदामागे पट्टकी स्नायू साधारण ३ ते ४ किलोचा जोर लावतो, अपट्टकी ४ ते ६ किलोचा. तेव्हा तो कच्चा वगैरे काही नाही.

तो तुमच्या ताब्यात नाही हेही एकदा नीट पाहून घ्या. कळण्याच्या भाकरीचा घास तुम्ही चावता, गिळायचा हे तुम्ही ठरवता. अन्ननलिकेचा वरचा भाग पट्टकी स्नायूंचा, मधल्या भागात मिसळ, आणि खाली सगळा अपट्टकी. घास एकदा घशाखाली उतरला की तो थांबवणं, परत बोलावणं, ढकलणं, काहीच तुमच्या हातात राहत नाही. मूत्रनलिकेचं तर विचारूच नका. साधारण २५ सेंटिमीटर लांबीची ही नळी, आतून ३ ते ४ मिलिमीटर रुंद. किडनीच्या आतल्या भागात काही पेशी आपणहून ठेका धरतात आणि तिथून मिनिटाला एक ते पाच लाटा खाली उतरतात. या लाटांना मेंदूच्या परवानगीची गरज नाही. किडनी बदलतात तेव्हा तिच्या नसा तुटलेल्या असतात, तरी नव्या शरीरात त्या किडनीची नलिका लाटा मारत राहते.

आता तुमच्या त्या पहाटेकडे येऊ. खडा नळीच्या सगळ्यात अरुंद जागी, मूत्राशयात शिरायच्या तोंडाशी अडकला. मागून लघवी येतच होती, तिला वाट नव्हती. दाब वाढला, नळी आणि किडनीचा पोकळ भाग ताणला गेला. ताणलं की आवळायचं, हा या स्नायूचा धर्म. त्यानं आवळलं. शिवाय तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार झाली. त्यांनी स्नायू आणखी पेटवला आणि किडनीकडे रक्तही जास्त ओढलं, म्हणजे लघवी आणखी आणि दाब आणखी. तुमच्या बागेत ठिबकच्या नळीत कचरा बसला तर तुम्ही पंपाचा दाब वाढवत नाही, वाढवला तर जोड सुटतो हे तुम्हाला माहीत आहे. त्या पहाटे तुमच्या आत पंप आपणहून वाढत गेला. वेदना झाली ती स्नायू जास्तीचा जोर लावत होता म्हणून. ‘आतून कच्चा’ हे निदान पूर्ण उलटं आहे.

गाडीत बसवेना, आडवं होववेना, याचंही कारण हेच. अपेंडिक्स फुटून पोटाच्या आवरणाला सूज आली तर माणूस हलायला घाबरतो, निपचित पडून राहतो. पोकळ नळीच्या कळीत तो तळमळतो, कशानंच बरं वाटत नाही. अनुभवी डॉक्टर दारातूनच हा फरक ओळखतात. आणि ‘बाईसारखा ओरडलो’ म्हणालात, त्यावर एक बोलल्याशिवाय राहवत नाही. गर्भाशय म्हणजे अपट्टकी स्नायूंचीच जाड पिशवी. गरोदरपणी ती काही तोळ्यांवरून सुमारे एक किलोपर्यंत वाढते. बाळंतपणाच्या कळा याच जातीच्या स्नायूच्या असतात. महिन्याच्या पाळीत पोटात जे दुखतं तिथेही हीच प्रोस्टाग्लँडिन असतात. तुम्ही एक रात्र सोसलंत. तुमच्या घरातल्या बायकांना हा स्नायू तुमच्याआधी कितीतरी वर्षं ठाऊक आहे. पुढच्या वेळी घरात कोणी पाळीत पोट धरून बसली तर तुमच्याइतकं तिला समजून घेणारा पुरुष गावात नसेल.

मग व्यायाम कोणता? कोणताच नाही. पोटाचे स्नायू तुम्ही कितीही आवळा, पोटातला दाब सगळीकडे सारखा वाढतो, नळीच्या आतही आणि मूत्राशयातही. खड्याला पुढे जायला त्यातून काही मिळत नाही. या स्नायूला हुकूम देता येत नाही, पण त्याच्यापर्यंत जाणारी काही रसायनं अडवता येतात. त्या कामाला ही गोळी.

मूत्रनलिकेच्या खालच्या भागात अल्फा-१ नावाचे ग्राहक, म्हणजे रसायनं येऊन बसण्याच्या जागा, भरपूर असतात. ॲड्रिनॅलिनच्या घराण्यातली रसायनं तिथे बसली की स्नायू आवळतो. टॅमसुलोसिन ती जागा अडवतं, स्नायू ढिला पडतो, खड्याला वाट मिळण्याची शक्यता वाढते. प्रोस्टेट ग्रंथीत आणि मूत्राशयाच्या तोंडाशीही तेच ग्राहक, तोच स्नायू. म्हणून आजोबांना तीच गोळी. मेडिकलवाला म्हणाला ते अर्धं खरं आहे, पण गिऱ्हाइकाचं औषध चारचौघांत बोलून दाखवायचा हक्क त्याला कोणी दिला, हे त्याला जरूर विचारा.

याच घराण्यातलं प्राझोसिन नावाचं औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर वापरलं, ते तुम्ही ऐकलं असेल. विषामुळे ॲड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्यांचे अपट्टकी स्नायू करकचून आवळतात, हृदय त्या ओझ्याखाली कोलमडतं. प्राझोसिन ती पकड सोडवतं. कोकणात त्यानं तरणीताठी माणसं आणि लहान पोरं वाचवली. तेव्हा या औषधांना म्हातारपण चिकटवू नका.

अर्थात गोळीबद्दल वाढवून सांगणार नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये अकराशेहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत या औषधाचा विशेष फायदा दिसला नव्हता. इतर चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या आणि खालच्या टोकाला आलेल्या खड्यांना ते मदत करतं असं दिसतं. तुमचा खडा नेमका त्या गटात बसतो. ५ मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपणहून पडतात, ५ ते १० मधले साधारण निम्मे. मी तुमच्या जागी असतो तर चार आठवडे गोळी घेतली असती. वीर्याची गोष्ट फारच खटकत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून थांबवता येते, त्यात लाज नाही. परस्पर मात्र सोडू नका. ती रोज एकाच जेवणानंतर घ्या. रक्तदाबाची किंवा ताठरतेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, दोन्ही मिळून रक्तदाब घसरतो. शेतात ४४-४५ अंशांत काम करून वाकलेले एकदम उठू नका, चक्कर येईल. रक्तवाहिन्यांचे स्नायूही थोडे सैल पडलेले असतात.

मित्राची बिअर सोडून द्या. कळ उठलेली असताना ढसाढसा काहीही पिणं, अगदी पाणीसुद्धा, अडलेल्या नळीवर दाबच वाढवतं. आजीचं कुळथाचं कढण जेवणात खुशाल घ्या, हुलगे हे चांगलं कडधान्य आहे. पण ‘काढा चालू आहे आणि दुखायचं थांबलं’ म्हणून तपासणीला दांडी मारलीत तर ते महागात पडेल. दुखणं थांबणं आणि खडा पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळी अडलेलीच राहून कळ शांत होऊ शकते, आणि आत किडनी गुपचूप खराब होत जाते. चार आठवड्यांनी फोटो काढून खडा गेला हे डोळ्यांनी बघायचं. नसेल गेला तर दुर्बिणीनं काढायचा.

आता वस्ताद. त्यांना ‘कंबर लचकली’ सांगितलंत, म्हणजे ते मालिश करून आठ दिवसांत तुम्हाला मातीत उतरवणार, आणि त्यांची चूक नसेल. खरं सांगा. खडा अजून आत असेल तर यंदाची आखाजीची जोड सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. कुस्तीनं खडा बिघडतो म्हणून नाही. पण आखाड्यात मध्येच कळ उठली तर तुम्ही असहाय असाल, आणि उन्हात, घामात, या गोळीवर चक्कर येऊन मान दुखावणं काही अशक्य नाही. दंगल पुढच्या वर्षीही भरेल. भाऊबंदांचं म्हणाल, तर तुम्हाला जमिनीवर लोळताना बघून त्यांच्या मनात भीतीच आली असेल. हसले असते तर जळगावपर्यंत गाडी हाकली नसती.

वस्तादांना सांगण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते तालमीतल्या सगळ्या पोरांच्या कामाचं आहे. वजनी गटात बसायला दोन दिवस पाणी तोडायचं, घाम काढायचा, ही सवय खानदेशातल्या उन्हाळ्यात खड्याला आमंत्रण आहे. घामावाटे पाणी जातं, लघवी दाट होते, त्यात क्षार जमतात. एकदा खडा झालेल्या सुमारे निम्म्या लोकांना दहा वर्षांत पुन्हा होतो. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी किती प्यायचं हे ऊन ठरवेल, बागेत राबणाऱ्याला चार लिटरही कमी पडतील. लघवीचा रंग फिका राहतो का, हे बघत जा. लिंबूपाणी चांगलं, पण मीठ घालून नको. शेव, पापड, लोणच्यातलं मीठ मोजा. पैलवानाची थंडाई बंद करू नका, पण बदामात ऑक्सलेट, म्हणजे खड्यात बहुधा सापडणारा क्षार, बरंच असतं, मुठीनं खात असाल तर आवरा. दूध-दही सोडायची गरज नाही, उलट जेवणाबरोबरचं कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच बांधतं. टोमॅटोच्या बियांवर आपल्याकडे उगाच आळ आहे. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या मात्र कोणी जिममध्ये दिल्या तर घेऊ नका.

अशीच पत्रं दम्याचा पंप लाजेनं खिशात लपवणाऱ्या पोरांचीही येतात. छाती भरदार, दोनशे जोर मारतो, तरी दम लागतो, म्हणून पंप म्हणजे कमजोरी असं त्यांना वाटतं. श्वासनलिकेभोवती हाच अपट्टकी स्नायू आहे, तो आवळलाय, आणि छातीच्या पट्टकी स्नायूंचं त्याच्यावर काही चालत नाही. पंपातलं साल्ब्युटामॉल तो सैल करतं. त्यांनीही हेच उत्तर आपलं समजावं.

शेवटी, वाट बघायची नाही अशा गोष्टी. थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्यांनी गोळी पोटात टिकेना किंवा गोळी घेऊनही कळ थांबेना, तर त्याच वेळी, मध्यरात्र असली तरी, जळगाव गाठा. अडलेल्या किडनीत जंतू शिरले तर काही तासांत जिवावर बेततं.

तोवर लघवी बारीक गाळणीतून करत जा. खडा सापडला तर कोरड्या डबीत ठेवून तपासायला द्या, तो कशाचा आहे हे कळलं की पुढचं पथ्य ठरवता येतं. गाळणी मात्र नवी आणा, स्वयंपाकघरातली उचलू नका.